टॅनर स्ट्रीटची शिरगणती

माणसाच्या मलमूत्राची हेमांगीला कधी किळस आली नाही. चाळीसगावला तिचे वडील नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात होते. फुटलेली गटारं आणि तुंबलेली चेंबरं हे त्यांच्याकडे जेवतानाही बोलायचे विषय असत. पुढे ती रसायनशास्त्र शिकली आणि अमेरिकेत आली. ओहायोतल्या वेल्डन फॉल्स नावाच्या दीड लाख वस्तीच्या शहरात तिने सांडपाण्यावर पीएच.डी. केली आणि तिथल्याच महापालिकेत नोकरीला लागली. आई नातेवाइकांना सांगे, ती पाण्यावर संशोधन करते. धाकट्या काकूने एकदा फोनवर खोदून खोदून विचारलं तेव्हा हेमांगीने सरळ काय ते सांगून टाकलं.

"त्यासाठी एवढ्या लांब कशाला जायचं बाई," काकू म्हणाली. "इथं काय कमी होतं का?"

हेमांगीला हसू आलं होतं. ही २०३१ सालची गोष्ट. त्यानंतर चार वर्षांनी तिचं यंत्र तयार झालं.

यंत्र दिसायला साधं होतं, चहाच्या डब्याएवढं. घराचा सांडपाण्याचा पाईप रस्त्याखालच्या मोठ्या गटाराला मिळतो, त्याच्या वीतभर आधी ते बसवायचं. माणूस शिरगणतीचा फॉर्म कोरा सोडतो, दार उघडत नाही, घरात चार जण असून दोनच सांगतो. देहधर्म मात्र कोणाला चुकत नाही. स्नायूंच्या रोजच्या झिजेतून क्रिएटिनिन नावाचा पदार्थ मूत्रात उतरतो, आणि त्याचं प्रमाण शरीराच्या आकारमानाप्रमाणे बदलतं. आतड्यातल्या जिवाणूंचं मिश्रण तर प्रत्येकाचं वेगळं, जवळजवळ अंगठ्याच्या ठशासारखं. यंत्र सात दिवस हे ठसे एकमेकांपासून वेगळे करत राही आणि आठव्या दिवशी सांगे: या घरात चार माणसं, दोन प्रौढ, एक वृद्ध, एक लहान मूल.

त्याच्या पुढची पायरी उत्पन्नाची. ताजी फळं आणि कडधान्यं खाणाऱ्यांच्या सांडपाण्यात काही विशिष्ट संयुगं सापडतात. स्वस्त शीतपेयांवर आणि वेदनाशामकांवर दिवस काढणाऱ्यांच्या सांडपाण्यात दुसरी. एका घराबद्दल हा अंदाज चुकू शकतो. शंभर घरांचा एकत्र काढला तर फारसा चुकत नाही.

म्हणूनच हेमांगीने दोन अटी लेखी घालून घेतल्या होत्या. आकडे निदान चाळीस घरांचे एकत्र करूनच बाहेर पडतील, आणि मूळ नोंदी अठ्ठेचाळीस तासांत पुसल्या जातील.

पहिलं यंत्र कोणाच्या घरी बसवायचं हा प्रश्नच नव्हता. टॅनर स्ट्रीटवरच्या मिस ओडेसा प्रूइट यांच्या घरात हेमांगी विद्यार्थिनी असताना सहा वर्षं एक खोली भाड्याने घेऊन राहिली होती. मिस ओडेसांनी (लग्न झालेलं असूनही सगळी गल्ली त्यांना मिसच म्हणे) एकतीस वर्षं शाळेची बस चालवलेली, आवाज अजून शेवटच्या सीटपर्यंत पोचेल असा. हेमांगीने भीत भीत सगळं समजावून सांगितल्यावर त्या म्हणाल्या होत्या, "हेम, या शहराने माझं दुसरं काही कधी मोजून घेतलेलं नाही. घे, हे तरी मोज."

घरोघर बसल्यावर यंत्राने शहराला अकरा हजार माणसं मिळवून दिली. ती आधीपासून तिथेच राहत होती. २०३०च्या जनगणनेत ती आलीच नव्हती, इतकंच. केंद्र सरकारचा पैसा डोक्यांच्या हिशेबाने येतो. त्या अकरा हजार डोक्यांवर शहराच्या पूर्व भागात, जिथे वीस वर्षांत साधं औषधाचं दुकान उरलं नव्हतं, एक सार्वजनिक दवाखाना निघाला. हेमांगीचा नवरा सलील तिथे औषधविभागाचा प्रमुख झाला. मिस ओडेसांच्या रक्तदाबाच्या गोळ्या तोच द्यायचा, आणि गोळ्यांबरोबर मीठ कमी खाण्याबद्दल एक छोटं भाषणही. त्या ते शांतपणे ऐकून घेत आणि जाताना त्याच्याच समोर खारे शेंगदाणे तोंडात टाकत.

ही तीन वर्षं चांगली गेली. मग बॅटरीचा कारखाना यायचं ठरलं.

एप्रिलमध्ये नियोजन विभागाचा संचालक कॉलिन मॅब्री याने हेमांगीला बोलावून घेतलं. मॅब्री कधीही आवाज चढवत नसे. बोलताना तो संत्रं सोलत असे, आणि एकेका फोडीवरची पांढरी शीर नखाने अलगद ओढून कागदावर ओळीत मांडून ठेवी. कारखान्याने चार शहरं निवडली आहेत, तो सांगत होता, आणि अंतिम निवड दोन आकड्यांवर होणार आहे. घरटी उत्पन्नाचा मध्यक पंचावन्न हजार डॉलरच्या वर हवा, रिकाम्या घरांचं प्रमाण सहा टक्क्यांच्या खाली हवं. आपला मध्यक साडेचौपन्न हजारांवर अडला आहे.

मध्यक काढणं सोपं असतं. शहरातली सगळी घरं उत्पन्नाच्या क्रमाने एका ओळीत उभी करायची. बरोबर मधोमध जे घर येईल त्याचं उत्पन्न म्हणजे मध्यक. तो वाढवायचा एक मार्ग म्हणजे लोकांची कमाई वाढवणं, आणि त्याला वीस वर्षं लागतात. दुसरा मार्ग म्हणजे ओळीच्या खालच्या टोकाची घरं ओळीतून काढून टाकणं. मधलं ठिकाण आपोआप वर सरकतं. कोणाच्या खिशात एक डॉलर जास्त येत नाही आणि शहर श्रीमंत होतं.

मॅब्रीने भिंतीवर नकाशा लावला. त्यावर चाळीस चाळीस घरांचे गट नव्हते. एकेक घर दिसत होतं, आणि प्रत्येकावर त्यातल्या माणसांचा आकडा. हेमांगीने अटींची आठवण करून दिली तेव्हा त्याने सौम्यपणे सांगितलं की रहिवाशांच्या सुरक्षिततेसाठी हिवाळ्यातच त्यात दुरुस्ती झाली, आणि ती तिला मेलने कळवली होती. कळवली होती हे खरं होतं. त्या आठवड्यात ती शिकागोच्या परिषदेत भाषण देत होती. तिने मेल उघडला होता, पहिल्या दोन ओळी वाचल्या होत्या आणि 'ठीक' असं उत्तर पाठवलं होतं.

टॅनर स्ट्रीटवर एका ओळीतल्या सहा घरांवर शून्य होतं. त्या शून्यांच्या मधल्या घरावर चौदा. एका घरात पाचांहून जास्त माणसांना राहायची परवानगी नव्हती, म्हणून त्या घराला नोटीस जाणार होती: तीस दिवसांत घर खाली करा. शून्य असलेली घरं रिकामी धरून पाडली जाणार होती, म्हणजे ती दोन्ही आकड्यांतून सुटणार होती. या पद्धतीची जनक म्हणून प्रमाणपत्रावर सही हेमांगीने करायची होती.

चौदा आकडा असलेलं घर मिस ओडेसांचं होतं. त्या घरात तीन माणसं राहत होती: त्या, त्यांची बहीण लुसील आणि एक नात.

शनिवारी सकाळी सात वाजता हेमांगी टॅनर स्ट्रीटवर गेली. मिस ओडेसांच्या पोर्चवर पाच-सहा माणसं उभी होती. कोणाच्या खांद्यावर टॉवेल, कोणाच्या हातात ब्रश. एक म्हातारा सदऱ्याला इस्त्री करून, तो हँगरवर धरून उभा. आत जिन्याच्या पायऱ्यांवर आणखी चार जण बसले होते आणि हळू आवाजात बेसबॉलबद्दल बोलत होते. बाथरूमच्या दारावर जाड मार्करने लिहिलेलं वेळापत्रक लावलेलं होतं. घर क्रमांक ४१२, सहा वाजून दहा मिनिटं. ४१६, सहा पंचवीस. खाली सूचना: उशीर केल्यास बस थांबणार नाही.

मिस ओडेसा स्वयंपाकघरात होत्या. मार्चमध्ये आजूबाजूच्या सहाही घरांचं पाणी एकाच आठवड्यात तोडलं गेलं, असं त्यांनी सांगितलं. पूर्वी दोन दोन वर्षं बिल थकलं तरी नुसती पत्रं यायची. या वेळी चाळीस-पन्नास डॉलरसाठी थेट नळच बंद केले. लोक पिण्याचं पाणी विकत आणतात. बाकी सगळ्यासाठी त्यांच्याकडे येतात. जाणार कुठे?

हेमांगी खुर्चीवर बसली. यंत्राने चूक केली नव्हती. चौदा माणसांनी जे त्या पाईपमध्ये सोडलं ते त्याने बिनचूक मोजलं होतं, आणि ज्या पाईपमधून काहीच गेलं नाही तिथे काहीच मोजलं नव्हतं.

तिने जिन्यावरच्या एका बाईला विचारलं, तुम्ही कौन्सिलसमोर येऊन आम्ही या घरात राहतो असं सांगाल का? त्या बाईचं नाव डेलोरिस, घर क्रमांक ४१६. समजावून सांगावं तशी ती म्हणाली, की पाणी नसलेल्या घरात मुलं ठेवते असं मी सहीनिशी कबूल केलं, तर दुसऱ्या दिवशी बालकल्याण खात्याची गाडी दारात उभी राहील.

सोमवारी हेमांगीने पाणी तोडल्याचे आदेश मागवून पाहिले. तिच्या पदावरच्या माणसाला ते पाहता येत असत, फक्त कोणी पाहत नसे. शहरात बिल थकवणारी घरं नऊ हजारांच्या वर होती. त्यातल्या सहाशे चाळीस घरांचंच पाणी तोडलं होतं. यादी थकबाकीच्या क्रमाने नव्हती. ती उत्पन्नाच्या अंदाजाने लावलेली होती, सर्वांत गरीब घर सर्वांत वर, आणि अंदाज तिच्याच यंत्राचे होते. तारीख रिकाम्या घरांची मोजणी सुरू होण्याच्या नऊ दिवस आधीची. मागणी करणारा विभाग: नियोजन.

आधी गरीब कोण ते तिच्या यंत्राला विचारलं. मग त्यांचं पाणी तोडलं. मग त्याच यंत्राला विचारलं, इथे कोणी राहतं का?

ती मॅब्रीच्या खोलीत गेली. त्याने काहीही नाकारलं नाही.

"डॉक्टर, आम्ही कोणालाही घराबाहेर काढलेलं नाही," तो म्हणाला. "तिथे कोणी राहतच नाही, असं तुमचं यंत्र सांगतंय." मग संत्र्याची एक फोड तिच्यापुढे धरली. "घ्या ना. शिरा काढल्यात मी."

ती बाहेर आली, स्वच्छतागृहात गेली आणि तिला ओकारी झाली. दहा वर्षं तिने हातमोजे घालून लोकांची घाण ढवळली होती, चाळणीतून गाळली होती, बाटल्यांत भरून नावं घालून ठेवली होती, आणि डबा तिथेच शेजारच्या टेबलावर खाल्ला होता. आज पहिल्यांदा पोटातून काहीतरी वर आलं, तेही सुगंधी साबण असलेल्या पांढऱ्याशुभ्र खोलीत. तिने तोंड धुतलं. तरी संत्र्याचा वास दिवसभर नाकातून गेला नाही.

सलीलने सगळं नीट ऐकून घेतलं. तो शांत आणि व्यवहारी माणूस होता. त्याने नोटिशीचे नियम दोनदा वाचले. अपील केलं तर चौदा दिवसांची फेरमोजणी होते, त्याने दाखवलं. म्हणजे मिस ओडेसांनी चौदा दिवस शेजाऱ्यांना घरात घेतलं नाही, तर आकडा तीनवर येईल. घर वाचेल.

"आणि ती सहा घरं?" हेमांगीने विचारलं.

"सहाशे चाळीस घरं आपण दोघं नाही वाचवू शकत गं. एक वाचतंय ना?" तो म्हणाला. मग नियमांचा कागद बाजूला ठेवत, "आणि तुझं यंत्र खोटं ठरवलंस तर ते अकरा हजारही खोटे ठरतील. दवाखाना त्यांच्यावर चाललाय. चारशे पेशंट रोजचे. मी माझ्या नोकरीचं म्हणत नाहीये."

तो नोकरीचंही म्हणत होता. पण चारशे पेशंटांचं खरं होतं. दुसऱ्या दिवशी ती तोच सल्ला घेऊन टॅनर स्ट्रीटवर गेली. वाटेत तिने वाक्यं ठरवून ठेवली होती: फक्त दोन आठवडे, फक्त कागदासाठी.

मिस ओडेसांनी तिला सगळं बोलू दिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग आला नाही. भांड्याच्या तळाशी बुरशी दिसल्यावर माणूस जसा पाहतो तशा त्या हेमांगीकडे पाहत राहिल्या.

"पाचांचा नियम जुना आहे, हेम. तू इथे होतीस तेव्हाही होता," त्या म्हणाल्या. "मी, माझा नवरा, लुसील, दोन मुलं. मोजता येतं ना तुला? सहावी तू होतीस."

हेमांगीची नजर आपल्या जुन्या खोलीच्या दाराकडे गेली.

"तेव्हा मला कोणी म्हणालं असतं, दोन आठवडे त्या मुलीला बाहेर ठेव, तर?" मिस ओडेसा उठून दाराकडे जात म्हणाल्या. "सातला मिस्टर हॅस्किन्सची वेळ आहे. त्यांना जिना चढायला धरावं लागतं. बाजूला हो."

हेमांगीला स्वतःचीच शिसारी आली. आणि ती बरोबर आली आहे हेही तिला समजत होतं.

तिने प्रमाणपत्र सही न करता तसंच ठेवलं, रजा टाकली आणि घरी बसून आपला चार वर्षांपूर्वीचा शोधनिबंध पुन्हा वाचायला घेतला. त्यातल्या आकड्यांवर साऱ्या पद्धतीची इमारत उभी होती: चारशे घरांत यंत्राने सांगितलेली माणसं आणि प्रत्यक्ष जाऊन मोजलेली माणसं यांचा मेळ सत्त्याण्णव टक्के जमला होता. मूळ वह्या काढल्यावर तिला तिसऱ्या दिवशी ते सापडलं. घरं चारशे नव्हती. चारशे तेवीस होती. तेवीस घरांतून प्रवाहच आला नाही, म्हणून तिने ती 'माहिती नाही' असं लिहून गाळून टाकली होती. प्रयोगशाळेत सगळेच तसं करतात. ज्या बाटलीत नमुनाच नाही तिचं काय मोजणार?

पण पुढे शहरासाठी संगणकाची आज्ञावली लिहिताना कोऱ्या चौकटीत काहीतरी भरणं भाग होतं, आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथे शून्य घातलं. तिने ते तपासलं होतं आणि मान्य केलं होतं. 'माहिती नाही' आणि 'कोणी नाही' यांत किती अंतर आहे हे ती पीएच.डी. करताना पहिल्या वर्षाच्या मुलांना खडूने फळ्यावर लिहून शिकवत असे. वहीत त्या तेवीस घरांचे पत्तेही होते. त्यांतल्या एकोणीस घरांत, तिच्याच जुन्या हस्ताक्षरातल्या नोंदींप्रमाणे, दार ठोठावल्यावर माणसांनी उघडलं होतं.

चूक खरी होती. ती मॅब्रीची नव्हती. त्याने तिचा नुसता वापर करून घेतला होता.

तिने नियतकालिकाला पत्र लिहायला घेतलं. खूप राग ओतता आला असता. तिने तीन वाक्यं लिहिली. आमच्या पद्धतीची पडताळणी करताना प्रवाह नसलेली घरं वगळली गेली. त्यामुळे प्रवाहाचा अभाव म्हणजे माणसांचा अभाव, हा निष्कर्ष निराधार आहे, आणि घरनिहाय किंवा शहरनिहाय कोणतीही संख्या या पद्धतीवरून प्रमाणित करता येणार नाही. मी हा शोधनिबंध मागे घेत आहे.

'शहरनिहाय' या शब्दावर ती बराच वेळ थांबली. तो खोडला असता तर दवाखाना कदाचित वाचला असता. पण चुकलेली पद्धत नोटिशीसाठी खोटी आणि अनुदानासाठी खरी असू शकत नाही, आणि मॅब्रीच्या वकिलाला तेवढी फट पुरली असती. सलील मागे येऊन उभा राहिला होता. त्याने पत्र वाचलं.

"पाठवणार आहेस तू," तो म्हणाला. हा प्रश्न नव्हता.

"हो."

तो आत गेला आणि इस्त्रीच्या टेबलापाशी उभा राहून उद्याचा शर्ट इस्त्री करू लागला. त्या आठवड्यात ते एकमेकांशी फक्त भाजी, गॅस आणि किल्ल्या एवढंच बोलले.

निबंध मागे घेतल्याचं छापून आलं तेव्हा महापालिकेच्या वकिलांनी एकाच दुपारी सगळ्या नोटिसा रद्द केल्या. न्यायालयात त्या तासभरही टिकल्या नसत्या. घरं पाडायचे आदेशही परत गेले. पाणी मात्र लगेच आलं नाही. त्यासाठी वेगळा खटला उभा राहिला. कारखाना इंडियाना राज्यात गेला. हेमांगीला कामावरून कमी करण्यात आलं, आणि कारण म्हणून 'शास्त्रीय हलगर्जी' असं लिहिलं, जे नाकारायला तिच्याकडे काही नव्हतं. मॅब्रीने तिला अत्यंत सभ्य पत्र पाठवलं. शेजारच्या राज्यातली एक कंपनी विजेच्या मीटरवरून माणसं मोजते, त्यांच्याशी बोलणी चालू आहेत, तुमच्या योगदानाबद्दल शहर ऋणी राहील, वगैरे. तिने ते शेवटपर्यंत वाचलं. आता ती सगळी पत्रं शेवटपर्यंत वाचत असे.

आणि वेल्डन फॉल्सची लोकसंख्या त्या तीन वाक्यांनी अकरा हजारांनी कमी झाली. माणसं होती तिथेच होती. कागदावरून मात्र ती जशी एकदा आली तशी निघून गेली, आणि ऑगस्टअखेर दवाखान्याचं अनुदान संपलं.

शेवटच्या दिवशी दुपारी हेमांगी सलीलला खोकी बांधायला मदत करत होती. शेल्फं अर्धी रिकामी झाली होती. मिस ओडेसा आल्या आणि त्यांनी काउंटरवर पिशवी ठेवली. सलीलने नव्वद गोळ्या भरून दिल्या, जेवढ्या कायद्याने देता येत होत्या तेवढ्या, आणि पुढच्यासाठी जिल्हा रुग्णालयाचा पत्ता एका कार्डावर लिहून दिला. दोन बस बदलाव्या लागतील, पन्नास मिनिटं लागतील. मिठाबद्दल तो काही बोलला नाही. मिस ओडेसांनी जरा वाट पाहिली.

मग त्या हेमांगीकडे वळल्या. आभार त्यांनी मानले नाहीत. हेमांगीला ती अपेक्षाही नव्हती.

"मग आता टॅनर स्ट्रीटवर आम्ही किती?" त्यांनी विचारलं.

हेमांगीने चिकटपट्टी खाली ठेवली. दहा वर्षांत या प्रश्नाला तिने दशांशचिन्हाशिवाय उत्तर दिलं नव्हतं.

"माहीत नाही," ती म्हणाली.

मिस ओडेसांनी गोळ्या पर्समध्ये टाकल्या आणि चेन ओढली.

"कोणी विचारलं तर हेच सांग," त्या म्हणाल्या, आणि दोन दहाची बस गाठायला निघून गेल्या.